दाराला लिंब, दंडाला सुई

साथीच्या त्या वर्षी बंगळुरात ज्याला त्याला फ्लू झाला होता आणि ज्याला त्याला फ्लूबद्दल मत होतं. मला मत नव्हतं, मला माहिती होती. हा फरक आमच्या घरात कुणालाच कळत नव्हता.

मी कॉलेजात होते आणि एका आरोग्य मंडळासाठी पत्रकं लिहायचे. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, खाली जाड अक्षरांत ‘विचार करा’. मल्लेश्वरमच्या बाजारात उभी राहून मी ती वाटायचे आणि भाजीवाल्या त्यांत कोथिंबीर बांधून द्यायच्या. घरोघरी पोचतंय ना, असं आमच्या चिटणीसांचं म्हणणं. मला हा प्रचार मान्य नव्हता. कोथिंबिरीला वाचता येत नाही.

वहिनीला तेव्हा सातवा लागला होता. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिला ताप आला आणि त्या तापातच मूल गेलं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, पण ती रोज सकाळी उठल्या उठल्या स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची. मी ते पाहिलेलं होतं. बाकीच्यांनी पाहिलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

माझा मोठा भाऊ, अण्णा, ज्या कारखान्यात होता तिथल्या दवाखान्यात फ्लूची लस आली. कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळणार, पण शनिवारपर्यंतच. वहिनी तिथल्या डॉक्टरांना विचारून आली. ते म्हणाले, तुम्हांला मी देईन, पण घरच्यांना विचारून या. आणि घरातल्या सगळ्यांनीच घेतली तर फार बरं, कारण ताप काही आपल्या पायांनी चालत येत नाही, माणसंच तो घरात आणतात. इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

तर वहिनीनं घरच्यांना विचारलं. तिथंच चुकलं.

पुढच्या खोलीत सभा भरली. बाबा म्हणाले, ते लहान असताना पहिल्या महायुद्धानंतरच्या साथीत त्यांना एकदा फ्लू होऊन गेलाय, तेव्हा त्यांचा वाटा संपला. जणू काही रेशनच. अण्णाची अडचण शास्त्रीय होती. म्हणजे धर्मशास्त्रीय. आमच्यात बायको गरोदर असली की नवऱ्यानं केस-दाढी करायची नाही. अण्णा यंत्रांवर काम करणारा, सूतभर फरक पडला तरी यंत्राचा पट्टा बदलणारा माणूस, पण दाढी छातीपर्यंत आली होती. त्याचं म्हणणं, वस्तरा चालत नाही तर सुई कशी चालेल? मी म्हटलं, त्या दाढीत जंतूंची वसाहत आहे. तो म्हणाला, फोरमनही हेच म्हणतो.

आत्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण, यांचा शब्द घरात शेवटचा. त्यांनी निकाल दिला: पोटुशी बाई घरात असताना कुणाच्याच अंगाला भोक पाडायचं नाही. तिच्या तर नाहीच नाही. पण येत्या शुक्रवारी डोहाळजेवण ठरलंय ते मात्र होणार, सगळ्या गल्लीला आमंत्रणं गेली आहेत.

म्हणजे बघा. सुई नको, कारण बाळाला धोका. आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या खोकणाऱ्या बायका मात्र घरात येणार, वहिनीच्या तोंडात एकेक घास भरवणार, तिच्या गालांवरून हात फिरवणार. ते शुभ.

मी उभी राहून बोलले. जंतू, संसर्ग, लस, सगळं क्रमवार, पत्रकात होतं तसं. अण्णा दाढी विंचरत बसला. बोलून झाल्यावर मी विजयानं वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘छान बोललात हं वन्सं. मला बी कुणी विचारलं नाही ते सोडा.’’

मंगळवारी बाबा उठून दवाखान्यात गेले आणि लस घेऊन आले. मत बदललं म्हणून नव्हे. कारखान्याच्या बसमधून फुकट चक्कर मारून येता येते असं शेजाऱ्यानं सांगितलं होतं, आणि तिथं गेल्यावर रांगेत उभं राहिलेला माणूस रांग सोडून कसा जाईल? सरकारी कचेरीत जन्म काढला होता त्यांनी.

संध्याकाळी त्यांचा दंड सुजला, अंग कोमट झालं. हे होतंच, एक-दोन दिवसांत जातं, मी सांगत होते. पण आत्यांनी दंडावरचा लाल ठिपका पाहिला, कपाळाला हात लावला आणि दोन्ही हात जोडले. टोचल्यावर दंड फुगतो, ताप येतो, हे त्यांनी आजवर देवी टोचल्यावरच पाहिलं होतं. ‘‘अम्मा आल्या,’’ त्या म्हणाल्या. देवीला इकडं अम्माच म्हणतात.

मग काय विचारता. दाराच्या चौकटीला कडुलिंबाचे डहाळे लागले. चुलीवर फोडणी बंद, तळण बंद. अम्मांना तडतड सोसत नाही. घरात आलेल्या देवीला नावानं हाक मारायची नसते, तेव्हा माझ्या बापाला सगळे ‘अम्मा’ म्हणू लागले. ते गादीवर पडून, उशाशी लिंब, लिंबाच्याच डहाळीनं वारा घेत. आत्या हात जोडून विचारायच्या, अम्मा, काय हवं? अम्मा म्हणायच्या, स्वल्प कॉफी. दिवसातून कितीदा तरी अम्मांना स्वल्प कॉफी लागायची. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, बाबा, तुम्ही काही बोलत का नाही? ते म्हणाले, तुझी आई गेल्यापासून मला या घरात कुणी काय हवं म्हणून विचारलेलं नाही, तू स्वल्प गप्प बस.

बुधवारी सकाळी मी स्टूल घेतलं आणि दारातला लिंब काढायला चढले. हा माझ्या पत्रकाचाच विषय होता! ‘दाराला लिंब लावून रोग जात नाही आणि येतही नाही’ हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं, दोन्ही भाषांत. आणि माझ्याच दाराला तोरण.

वहिनीनं स्टूल धरलं. मला वाटलं, मी पडू नये म्हणून.

‘‘वन्सं, तो पाला काढू नका.’’

मी म्हटलं, तूसुद्धा?

‘‘लिंब असला की घरात कोण येत नाही,’’ ती खालच्या आवाजात म्हणाली. ‘‘आत्याबाईंना मी नको म्हणू शकत नाही. पण अम्मांना आत्याबाई नको म्हणतील काय? शुक्रवारचं जेवण आपोआप गेलं बघा की.’’

वहिनी निपाणीकडची. फार शिकलेली नव्हती; पत्रक तिनं कधी पुरतं वाचलं नाही, अक्षर बारीक म्हणायची. मी स्टुलावरून उतरले. तत्त्व सोडलं नाही, फक्त उतरले.

त्याच दुपारी वहिनी आत्यांच्या पायांशी लसूण सोलत बसली. फोडणीच बंद, लसूण कशाला सोलत होती कोण जाणे. सहज विचारावं तसं तिनं विचारलं, की आत्याबाई, अम्मा आता मामंजींपाशी आल्या. उद्या ह्यांच्यापाशी येतील, मग वन्संच्या, मग माझ्या. दर वेळी पुन्हा लिंब, पुन्हा बिनफोडणीचं. त्यांना असं हेलपाटे घालायला लावणं बरं दिसतं काय?

आत्यांनी सोललेल्या पाकळ्या एका बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, ‘‘आल्याच आहेत तर सगळ्यांना एकदाच भेटून जाऊ देत.’’

झालं. जे माझ्या शास्त्राला जमलं नव्हतं ते पाहुणचाराच्या रीतीनं झालं. शनिवारी सगळ्यांनी दवाखान्यात जाऊन टोचून घ्यायचं ठरलं, आत्यासुद्धा. अण्णानं वस्तऱ्याचा मुद्दा काढला तेव्हा आत्या म्हणाल्या, अम्मांपुढं तुझ्या दाढीचं काय घेऊन बसलास.

शुक्रवार उजाडला. डोहाळजेवण रद्द झाल्याचं कुणाला कळवावंही लागलं नाही. लिंब बघून बायका फाटकापासूनच नमस्कार करून परत जात होत्या. मी फाटकाशी उभी राहून बघत होते आणि, खोटं कशाला सांगू, जळत होते. एवढे महिने पत्रकं वाटूनही कुणाचं पाऊल मला थांबवता आलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या अक्का आल्या. हातात वहिनीसाठी ओटीचं ताट, नाक लाल, पदर तोंडाला. खोकत खोकत थेट फाटकाची कडी काढू लागल्या. मी म्हटलं, अक्का, दाराला लिंब आहे. त्यांनी ताटाखालून घडी केलेला कागद काढला. माझंच पत्रक. कोथिंबिरीचा ओला डाग अजून त्यावर होता. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, मी वाचलं, बाळ. तू लिहिलंयस लिंबाला काही अर्थ नाही म्हणून. मला पटलं. सगळ्या घाबरून परत गेल्या, मी नाही गेले.

सबंध मल्लेश्वरमात माझं पत्रक वाचून मत बदललेली ती एकमेव बाई. आणि ती खोकत माझ्या वहिनीकडे निघाली होती.

मागं वळून पाहिलं. खिडकीत वहिनी उभी होती, हात कपाळावर.

मी कडी धरली. पत्रकात लिंबाच्या वाक्याखाली दुसरा परिच्छेद होता, ‘खोकला असताना गर्भवतीकडे जाऊ नये’, तो दाखवला. अक्का म्हणाल्या, तिथंच ओलं झालंय, वाचता आलं नाही. शिवाय मला फ्लू नाही, हा आपला नेहमीचा खोकला. वाद घालायला वेळ नव्हता. मी फाटकाला पाठ लावली आणि कॉलेजात शिकलेल्या, विचार करणाऱ्या, छापील तोंडानं म्हणाले:

‘‘अक्का, अम्मा आल्यात. आज आत कुणाला सोडायचं नाही म्हणतात.’’

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. ‘‘सरी,’’ म्हणजे बरं, त्या म्हणाल्या, ताट कठड्यावर ठेवलं आणि पत्रक मला परत देऊन गेल्या. पुन्हा त्यांनी माझं काही वाचलं नाही.

शनिवारी आम्ही सगळे कारखान्याच्या बसनं गेलो. डॉक्टरांनी अण्णाची दाढी, आत्यांच्या कमरेला खोचलेला लिंब, सोबत म्हणून आलेले बाबा, सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, अखेर ठरवलं कुणी? बाबा म्हणाले, मी. आत्या म्हणाल्या, अम्मांनी. मी तोंड उघडलंच होतं.

पुढं त्या घरात कुणाला फ्लू झाला नाही आणि दिवस भरल्यावर वहिनीला मुलगी झाली. लसीमुळं, की कुणी आत आलं नाही म्हणून, की नुसतीच आमचं घर वगळून साथ पुढं गेली, हे एका घरावरून सांगता येत नाही. मी तसं स्वच्छ लिहून चिटणीसांना दिलं. त्यांनी शेवटचं वाक्य काढून टाकलं. त्यावर आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

पण त्या शनिवारी, मी तोंड उघडलं तोवर वहिनी पुढं होऊन स्टुलावर बसलीही होती. पोलक्याची बाही वर सरकवत तिनं नर्सबाईंना सांगितलं, ‘‘डाव्या हाताला द्या. उजव्यानं घरी जाऊन फोडणी घालायची हाय, चार दिवस झाले वासाला तरसलेय.’’

आत्या काहीतरी बोलणार होत्या. वहिनीनं दंड पुढं केला.