पेरूच्या लाकडाचा शाफ्ट

शनिवार, १४ मार्च १९९८. सवुसवु या बेटावरच्या बंदरगावातल्या दुकानातून सिन्नप्पा गाउंडरने नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकशे सत्त्याऐंशी डॉलर चाळीस सेंटला घेतली आणि सकाळच्या बसने वुनिवाई गावात वाइसाके मेकॅनिकच्या अंगणात, नीरफणसाखाली आणून ठेवली. त्याचा दोन टनी ट्रक तिथे आदल्या संध्याकाळपासून उभा होता. क्लच इतका घसरत होता की चढावर उतारू खाली उतरून चालत येत.

सोमवारी सकाळी दहा वाजता ट्रक सरकारी तपासणीसाठी उभा करायचा होता. दोन तारखा हुकल्या होत्या. तिसरी हुकली की बावीस वर्षांचा प्रवासी वाहतुकीचा परवाना रद्द होणार होता. वाइसाके चर्चमधला जबाबदार माणूस, रविवारी पान्याला हात लावत नसे. म्हणजे दिवस हा एकच.

"आलास, मेव्हण्या?" वाइसाके ट्रकखालूनच म्हणाला. दोघे एकमेकांना 'तवाले', म्हणजे मेव्हणा म्हणत, आणि त्या नात्याने वाटेल ते बोलायची मुभा दोघांनाही होती. "ट्रक तुझ्यासारखाच झालाय. आवाज मोठा, ओढ काही नाही."

वाइसाके अठ्ठावन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं रस्त्याच्या कामावरचे रोलर दुरुस्त करत होता. दारावर पाटी नव्हती, पण तीस मैलांतली अडलेली गाडी याच झाडाखाली यायची. त्याची कामाची रीत सिन्नप्पाने अनेकदा पाहिली होती, तरी तो दर वेळी नव्याने बघत बसे.

आधी बॅटरीची तार सुटली. मग मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा उतरला. इंजिनाच्या पोटाखाली लाकडी ठोकळा ठेवून वाइसाकेने जॅक चढवला. गिअरबॉक्स सुटला की इंजिन मागे मान टाकतं, म्हणून हा आधार. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचे बोल्ट लांबीला सारखे नव्हते. जो ज्या क्रमाने निघाला तो त्याच क्रमाने नीरफणसाच्या एका मोठ्या पानावर गोलाकार मांडला गेला. शेवटी पोत्यावर उताणं पडून त्याने साठ किलोचा गिअरबॉक्स छातीवर घेतला आणि कुठेही न कलंडू देता मागे ओढून खाली ठेवला.

जुनी प्लेट निघाली, नवी हातात आली, आणि वाइसाके थांबला.

"काय झालं?" सिन्नप्पाने विचारलं.

"जुना शाफ्ट नाहीये."

नवी प्लेट दोन लोखंडी तबकड्यांमध्ये आवळताना अगदी मधोमध असावी लागते. केसभर सरकली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही. त्यासाठी वाइसाकेकडे मोडक्या गिअरबॉक्समधून काढलेला एक दांडा होता. तो भोकात घालायचा, प्लेट आवळायची, दांडा काढून घ्यायचा.

"कुठे गेला?"

"गुरुवारी सेकोवेला दिला. तावेउनी बेटावरचा माझा मामेभाऊ. केरेकेरे म्हणाला."

आप्ताने केरेकेरे म्हणून मागितलेली वस्तू नाकारायची नसते. सिन्नप्पाचंही एक फावडं असंच गेलं होतं. तरी त्याचं डोकं फिरलं.

"माझा ट्रक येणार हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"सेकोवे समोर उभा होता. तुझा ट्रक नव्हता."

"परवाना माझा जाणार, वाइसाके. तुझा नाही."

वाइसाके ट्रकखालून बाहेर आला. त्याने कोयता उचलला आणि कुंपणातल्या पेरूची एक सरळ फांदी तोडली. गिअरबॉक्सच्या दांड्याभोवती झावळीची पात गुंडाळून टोकाचं आणि मधलं अशी दोन मापं घेतली आणि तासायला बसला. कोयता हातभर लांब, पण ढलप्या कागदासारख्या निघत होत्या. मोजपट्टी नाही, खूण नाही. फक्त मधूनमधून पात गुंडाळून बघायची. पाऊण तासाने त्याच्या हातात टोकाला बारीक, मध्ये जाड असा गुळगुळीत दांडका होता. तो प्लेटमधून गेला, मागच्या बेअरिंगमध्ये बसला. वाइसाकेने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले आणि दांडका दोन बोटांनी ओढला. तो सहज निघाला. सिन्नप्पाचा राग कधी ओसरला ते त्यालाच कळलं नाही.

गिअरबॉक्स पुन्हा छातीवर चढला, पुढे सरकला आणि बोटभर अंतरावर अडला.

"बोल्ट लाव आणि ओढून घे," सिन्नप्पा म्हणाला.

"ओढला तर गिअरबॉक्सचा बोल्टाचा कान तुटेल. मग सोमवारी टोपलीत घालून ने." वाइसाकेच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आवाज मात्र रोजचाच. "तो गिअरमध्ये आहे, मागून फिरवला की पुढचा दांडाही फिरेल. मागचं तोंड हाताने फिरव. हळू. अजून. दुसऱ्याच्या घराची कडी काढतोयस असं समज."

सिन्नप्पाने तळहाताने फिरवलं. आत कुठेतरी दात दातांत शिरले, आणि साठ किलो लोखंड टक् करून जागेवर गेलं. त्याने जोडावरून नख फिरवून पाहिलं. नख कुठेच अडकलं नाही.

पानावरचे बोल्ट एकेक करून परत गेले. सूर्य टेकायच्या आत ट्रक सुरू झाला आणि पहिला गिअर आवाज न करता पडला. तो उतारूंनी भरून चढावर नेऊन पाहायला मिळाला नाही. प्रार्थनेचा लाकडी ढोल वाजला आणि वाइसाके हात धुवायला निघून गेला. सिन्नप्पाने मजुरीचे साठ डॉलर त्याच्या बायकोच्या हातात दिले आणि तो बराच वेळ ट्रकजवळ नुसता उभा राहिला.

सोमवारी वाइसाके सोबत गेला. तपासनिसाने ट्रक भर चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगितलं, आणि तो निघाला. परवान्यावर शिक्का बसला. फी भरताना सिन्नप्पाला दीड डॉलर कमी पडला. तो वाइसाकेने भरला. तो दीड डॉलर सिन्नप्पाने अजून दिलेला नाही.