मुलुंडच्या घरातली भाची

मुंबईत भाड्याशिवाय राहायला घर मिळतं असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, ही थापा मारतेय. मिळतं हो. फक्त दलालाकडे नाही मिळत. मला चष्म्याच्या दुकानात मिळालं.

घाटकोपरला एका दुकानात मी डोळ्यांचे नंबर तपासते. मुलाकडे अमेरिकेला निघालेली मंडळी जायच्या आधी हमखास येतात आणि चष्म्याचे दोन-दोन जोड करून घेतात, कारण तिकडे हे सगळं महागात पडतं. किती दिवस, असं मी विचारायची. "सहा महिने." मग काचा बदलता बदलता हळूच पुढचं विचारायची, "आणि घराकडे कोण बघणार?" समोरच्याचा चेहरा उतरायचाच. बंद घराची दशा सगळ्यांना माहीत असते. सिंकमधून झुरळं, भिंतींना बुरशी, तुळशीची काडी आणि देव महिनोन् महिने पारोसे. "मी राहीन की," मी म्हणायची. आगाऊपणाच तो. पण विक्रोळीला चाळीतल्या एका खोलीत आई, दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि मी. पस्तिशी उलटली तरी पाय लांब करून झोपायची चोरी.

बहुतेक जण 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. ही एकदा घरात शिरली की निघायची नाही, ही भीती. बोरिवलीच्या एका बाईंनी ठेवलं, आणि परत आल्यावर फ्रिजच्या मागे बोट फिरवून धूळ शोधली. धूळ नव्हती, तरी नाक मुरडलंच. मात्र मुलुंडच्या काकांना माझं नाव त्यांनीच सुचवलं, म्हणजे बघा.

काका बँकेतून निवृत्त झालेले. दोघांना ग्रीन कार्ड मिळालं होतं, म्हणून ते आणि काकू वर्ष-दीड वर्षासाठी मुलाकडे अमेरिकेला चालले होते. मला हवं होतं अगदी तेच! अडचण एकच, त्यांच्या सोसायटीत एकट्या बाईला ठेवायचं नाही असा नियम. काय घोडं मारलंय एकट्या बायांनी यांचं, देव जाणे. नातेवाईक मात्र चालतो. काका लगेच म्हणाले, "मग तू माझी भाची. मला बहीण नाही, पण सोसायटीला काय माहीत? इमारत नवी, शेजारी नवे."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला खोटं पचत नाही."

"तुला पचतं ना? झालं तर मग."

आईला हे मुळीच रुचलं नाही. "दुसऱ्याच्या घरात कित्याक ऱ्हवतंस गो? आपला घर नाय काय तुका?" त्या घराची पायरी चढणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. मी बॅग उचलली आणि गेले.

नळ सोडायचे, देवापुढे दिवा लावायचा, गाडी चालू करून बघायची, एवढंच काम. शिवाय रोज सकाळी पेपरातल्या शब्दकोड्याचा फोटो काकांना पाठवायचा. शब्द अडला की त्यांचा फोन. माझं उत्तर चुकलं की उद्धार सुरू, "शाळेत गेली होतीस का कधी?" मला असा राग यायचा ना! आणि ज्या दिवशी फोन यायचा नाही त्या दिवशी जास्त यायचा.

एका सकाळी शब्दकोडं पाठवायच्या आधीच काकूंचा फोन आला. "हे गेले गं. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत."

गॅसवर चहा उकळत होता. काकांच्या मुलाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली बातमी वाचून शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि त्यांनी आधी गॅस बंद केला. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजारचे आणून देतात. दुपारी त्यांनी पिठलं-भाताचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी कोण होते त्या घराची? ताट बाजूला सारून मी रडायला लागले. वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तशी मी जास्तच रडले. काकांसाठी रडत होते, आणि आता हे घर विकतील, आपण परत त्या खोलीत, म्हणूनही रडत होते. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. काकांच्या फोटोला फूल वाहिलं आणि बसता बसता म्हणाले, "आई नाही आली तुझी? सख्खा भाऊ गेला तिचा."

वाट लागली. "येतेय, वाटेत आहे," मी ठोकून दिलं आणि गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. आता शिव्या खायच्या, एवढंच डोक्यात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतंय."

आली. चपला दाराबाहेर काढून सरळ फोटोसमोर जाऊन बसली, डोक्यावर पदर घेऊन. तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर मालवणीच निघाली असती, आणि काका तर छापील मराठी बोलायचे. सेक्रेटरी तिच्याकडे बघतच होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. काकूंचा व्हिडिओ कॉल. मी पोहोचायच्या आत शेजारच्या वहिनींनी तो उचलला आणि सगळे दिसतील असा धरला.

काकूंचे डोळे सुजले होते. एकेक चेहरा बघत त्या आईपर्यंत आल्या. आईला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आता त्या विचारणार, या कोण? आणि विचारलं तर त्यांचं काय चुकलं? नवरा गेलाय बाईचा, त्यात माझं खोटं कुठे सांभाळत बसतील?

काकू आईकडे बघत राहिल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "वन्सं, तुमचा भाऊ गेला हो."

आईने वहिनींच्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांत धरला, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या मालवणीतच म्हणाली, "रडा नको गो वयनी. सकाळपासना काय खाल्लंस काय नाय?"