वाकडा फेटा

लग्न होऊन मी तळेगाव ढमढेऱ्याला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त होती. सासरी त्यावरून बरीच थट्टा झाली. मामंजी गावचे सरपंच. त्यांच्या थोरल्या, विधवा बहिणीला सगळे आक्का म्हणत; ती मामंजींना तात्या म्हणे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दुपारी धान्य निवडताना मी तिला वाचून दाखवायची. त्या दुपारी मला अजून हव्याहव्याशा वाटतात.

एकदा अमेरिकेतल्या हौदेनोशोनी लोकांविषयी वाचलं. पाच जमाती आपसांत लढून थकलेल्या. शांतीचा निरोप घेऊन आलेल्या एका माणसाचं ऐकून त्यांनी हत्यारं मोठ्या झाडाखाली पुरली आणि त्या एक झाल्या. त्यांच्यात पुढारी निवडतात कुळातल्या वडीलधाऱ्या बायका. तो चुकला तर तीनदा समज देतात. तरी ऐकलं नाही, तर त्याच्या डोक्यावरची मानाची हरणाची शिंगं उतरवून घेतात. शिवाय पुढाऱ्याची कातडी सात वीत जाड हवी, म्हणजे लोकांच्या बोलण्यानं तो चिडत नाही.

"आमच्या तात्याची बी हाय की जाड," आक्का म्हणाली, "पर समदी कानावर."

हसता हसता माझ्या हातून सूप सांडलं.

त्याच उन्हाळ्यात मामंजींनी सामाईक विहिरीवरची शेजाऱ्यांची पाण्याची पाळी आपल्या उसाकडे वळवली. शेजारी मुसलमान कुटुंब, तीन पिढ्यांचा घरोबा. त्यांचा कांदा ऐन पोसायच्या वेळी माना टाकू लागला. त्या घरची म्हातारी चाची आमच्या दारावरून जाताना वर बघेनाशी झाली. मला फार वाईट वाटायचं, पण सरपंचाची तक्रार करायची कुणाकडे?

आक्कानं जेवायला वाढताना सांगितलं, "तात्या, त्यांचं पानी सोड." मामंजींनी आमटी मागितली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते ताटावरून उठले. आक्का बोटांवर मोजत होती हे फक्त मला दिसत होतं.

सकाळी मामंजी चावडीवर निघाले तर खुंटीवर फेटा नाही.

"चाचीकडं दिलाय," आक्का म्हणाली. "तिनं दिला तर घाल."

"थट्टा हाय का ही, आक्का?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता माझी माहेरची एसटी नक्की असं मला वाटलं. दुसरा फेटा पेटीत होता, पण पेटीवर आक्का बसलेली. शेवटी ते बोडक्या डोक्यानं बाहेर पडले. कुणी गेलं की काय म्हणून पारावरची माणसं उठून उभी राहिली.

तासाभरानं विहिरीवरचं इंजिन सुरू झालं आणि पाणी शेजाऱ्यांच्या कांद्याकडे वळलं. मामंजी परतले ते फेटा बांधूनच. चाचीनं जन्मात पहिल्यांदा कुणाला फेटा बांधला होता; तो एका कानावर उतरलेला आणि शेमला पुढेच लोंबत होता. मला हसू आवरेना. मामंजींनी आरशात पाहिलं, आणि तसेच चावडीवर गेले. दिवसभर त्यांनी त्याला हात लावला नाही.

पुढे काही वर्षांनी मामंजी गेले. त्यांना अंगणात ठेवलं होतं, मुलं फेटा बांधायला पुढे झाली.

"थांबा," आक्का म्हणाली. "तिला येऊ द्या."

चाची काठी टेकत आली. तिनं फेटा बांधला, तसाच वाकडा. तो कुणी नीट केला नाही.