झोपून तपासणारे सुभेदार

आमच्या कारखान्यात पगार घेऊन झोपणारा एकच माणूस होता, आणि सगळ्यांत जास्त काम तोच करायचा. अकोल्याच्या एमआयडीसीत आम्ही फौजेसाठी स्ट्रेचर बनवायचो. निवृत्त सुभेदार आमचे तपासनीस, मी त्यांचा कारकून. प्रत्येक लॉटमधले पाच-सहा स्ट्रेचर ते स्वतः निवडायचे, त्यावर आडवे व्हायचे आणि चौघांना ते उचलून आवारभर पळायला लावायचे. तेही भर उन्हात. चौघे रेंगाळले की पडल्या पडल्या ओरडायचे, "पया ना बे! वरात हाय का?"

मॅनेजर वैतागायचे. कागदावर मापं बरोबर आहेत, मग हे नाटक कशाला? सुभेदारांचं उत्तर ठरलेलं. "मी झोपून पाह्यलं नाही, त्याच्यावर जखमी पोराले काहून झोपवू?" सीमेवर त्यांनी डोंगरावरून जखमी खाली उतरवले होते. स्ट्रेचरचं कापड फाटून एक जवान खडकावर आपटला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि डबा तसाच ठेवून उठले.

पुढे मालकांनी शिवणीचा धागा बदलला, स्वस्तातला आणला. तिसऱ्याच स्ट्रेचरची शिवण उसवली आणि सुभेदार दाणकन खाली आले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. अख्खा लॉट नापास केला. मालकांनी विनवलं, मॅनेजरांनी दम दिला, हे ढिम्म.

मग मालकांनी कर्नलना बोलावलं. ते सुभेदारांच्या पलटणीतले जुने साहेब. पुढे फौजेच्या खरेदी खात्यात गेले, तिथून आमच्या कंपनीला ऑर्डर दिली आणि निवृत्त होताच आमच्याच कंपनीत सल्लागार झाले. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट त्या दिवशी पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले.

कर्नल दारात दिसताच सुभेदार खाडकन उभे राहिले. कर्नल त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"साहब, ऊपर बात हो गई है। कर दीजिए।"

"जी सर."

झालं! लॉट पास. मला सुभेदारांचा असा संताप आला की काय सांगू! तीस वर्षं हुकूम पाळलेल्या माणसाच्या तोंडून या एका साहेबापुढे 'नाही' निघणार नाही, हे कर्नलना पक्कं ठाऊक होतं. त्यासाठीच तर त्यांना पगार होता.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार आले नाहीत. त्यांची जागा मला देऊ केली, मी ती घेतली. मी कधी स्ट्रेचरवर झोपलो नाही.

वर्षभराने ते परतवाड्याच्या स्टँडवर भेटले. खूप वाळले होते. कसा आहेस, घरचे कसे आहेत, काही नाही. थेट विचारलं, "तो लॉट वापस आला का?"

"नाही सुभेदारसाहेब. एकही तक्रार नाही," त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो.



"तक्रार कोन करन रे? जो पडला तो?"