आप्पांनी अंगावर घेतलेलं दुखणं

मार्गशीर्षातला सोमवार, खिशात चौदाशे रुपये आणि मुखेडच्या स्टँडवर निरोपाला दोघंच, आई आणि आप्पा. लातूरच्या एका डाळमिलमध्ये मला हिशेबाचं काम लागलं होतं. एसटी हलताना आप्पा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "दुखलं-खुपलं तर कळवत जा. मनात ठिवू नको."

मिलमध्ये दिवसभर बैठं काम. संडास पार मागे, पोत्यांच्या थप्प्यांपलीकडे. मधेच उठलं की मालक घड्याळाकडे बघायचे, म्हणून मी पाणीच कमी प्यायचो. पाच वर्षांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी, लघवीला जळजळ सुरू झाली. मग ओटीपोटात दुखणं, सारखं उठणं आणि उठूनही मोकळं न होणं. आईला फोनवर अर्धवट सांगितलं. "उन्हाळी लागली असंल. धन्याचं पाणी पी," ती म्हणाली. दिवस थंडीचे होते. पण आमच्याकडे त्या जळजळीला उन्हाळीशिवाय दुसरा शब्द नाही, आणि उन्हाळीसाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. दोन महिने मी धन्याचं पाणी प्यालो.

त्यातच उदगीरची सोयरीक जमत आली होती. लातूरात दाखवावं, तर मुलीचे चुलते तिथलेच. असल्या दुखण्याचे लोक दोनच अर्थ लावतात: पोरगा बाहेरख्याली आहे, नाहीतर लग्नाच्या कामाचा नाही. शेवटी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "नांदेडला ये. म्या बी येतो."

नांदेडच्या दवाखान्यात बाकावर सगळे साठीपुढचे. तरणा मी एकटाच. तेवढ्यात दारातून आत आले ते मुखेडचे कापडदुकानदार शिवलिंगअण्णा, आमची सोयरीक जुळवणारे. आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दाखवायला घेऊन आले होते.

"शरणार्थ, आप्पा. इकडं कसं काय?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "शरणार्थ. मला लघवीचा तरास हाय. पोरगं घिऊन आलंय."

"वयच हाय ते," अण्णा टेकत म्हणाले. "आमच्या म्हाताऱ्याची तर बाजच मोरीजवळ टाकलीय. खेपा तरी वाचतात."

आप्पा हसले. मला हसता आलं नाही. आतून आडनाव पुकारलं, तसे आम्ही दोघंही उठलो.

डॉक्टरांनी आप्पांनाच झोपायला सांगितलं. "म्या न्हाई सायेब, ह्यो," आप्पा हळू आवाजात म्हणाले. तपासून, लघवीची तपासणी करून डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटला जंतूंनी सूज आलीय. हे काही फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. इतके दिवस काय केलंत?" चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. पाणी प्या, लघवी तुंबवू नका, म्हणाले. लग्नाचं मी विचारलंच नाही, आप्पांनी विचारलं. "बरं झालं की खुशाल करा."

मी बरा झालो. लग्न झालं, लातूरात घर झालं. आप्पांचा नसलेला त्रास मात्र गावात राहिला. कुणी गोखरूचा काढा आणून दिला, तो ते मुकाट प्यायचे. पंगतीत चारचौघांत मधेच उठायचे. एकदा म्हटलं, आता बरं वाटतंय म्हणून सांगा की लोकांना. म्हणाले, "राहू दे. माझं काय बिघडून राहिलंय?"

सतरा वर्षांनी त्यांना खरंच त्रास सुरू झाला. गावाला वाटलं, जुनंच आहे. आईला वाटलं, सोंगच चाललंय. आप्पा कुणाला काही बोलले नाहीत. लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा मला कळलं, आणि नांदेडला नेलं तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडापर्यंत गेलेला होता.

मुखेड, भोकर, हिमायतनगरकडून इकडे आलेल्या पोरांनो, जळजळ होत असेल तर लगेच डॉक्टरला दाखवा आणि आपल्या नावानं दाखवा. गावाकडच्यांनो, तरण्या पोरानं असं काही सांगितलं तर त्याच्या चालचलणुकीची चौकशी करू नका.

लातूरच्या घरी मला काही कमी नाही. पण घर म्हटलं की मला मुखेड आठवतं, आणि तिथं ते दुखणं माझं होतं हे अजून मला सांगता येत नाही.

नांदेडहून आप्पांचा देह आणला त्या दिवशी ओसरीवर माणसं जमली होती. ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालतं बाबाला?" मी तोंड उघडायच्या आत शिवलिंगअण्णा म्हणाले, "लघवीचा जुना तरास. लई वर्षं सोसलं बिचाऱ्यानं."

मी ड्रायव्हरला गाडीचे साडेतीन हजार दिले.