बुटातली किल्ली

अमेरिकेत, श्रूजबरीच्या आमच्या भाड्याच्या घराची एक जादा किल्ली मागच्या दाराबाहेर, नवऱ्याच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटात असायची. उजव्या की डाव्या, हे नागपूर-अमरावतीकडच्या कितीतरी पोरांना ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या वुस्टरला शिकायला येणारी आमच्या समाजातली मुलं दोन बॅगा घेऊन उतरायची आणि खोली मिळेपर्यंत आमच्या सोफ्यावर झोपायची. आम्ही दोघंही नोकरीला, आणि विमानं काही आमच्या सोयीनं येत नसत. मग फोनवर सांगायचं, "बुटात किल्ली आहे, फ्रिजमध्ये वरण-भात आहे, गरम करून घे." नवरा स्वतः खेड्यातून नागपूरला शिकायला आला, तेव्हा वस्तीतल्या एका अनोळखी घरानं त्याला ठेवून घेतलं होतं. पुढे गेलेल्यानं मागून येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवायचं, ही आमच्याकडची रीतच. मी तशी फटकळ. सोफ्यावर टाकलेल्या ओल्या टॉवेलांवरून मी यातल्या प्रत्येकाला झापलेलं आहे. पण किल्ली तिथून हलवावी असं माझ्याही मनात कधी आलं नाही.

त्यातलाच एक यवतमाळकडचा, केमिस्ट्रीत पीएचडी करणारा. खोली मिळाल्यावरही तो दर शनिवारी बसनं यायचाच. मला ताई म्हणायचा, म्हणून आमच्या सात वर्षांच्या मुलीचा तो मामा झाला. त्यानं तिला सायकल शिकवली, पत्ते शिकवले आणि पत्त्यांत लबाडी कशी करायची तेही शिकवलं. ती इंग्रजीत भांडायची, तो वऱ्हाडीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं उत्तम जमायचं. तो येणार असला की ती खिडकी सोडायची नाही.

मुलगी इथेच जन्मलेली. वर्गात हात वर करून तावातावानं बोलायची, उत्तर चुकलं तरी. मला त्याचं फार कौतुक होतं. आम्ही दोघं ज्या शाळांत शिकलो, तिथे आपण चांगले आहोत हे आधी सिद्ध करावं लागे, मग पुढचं. तिला ते कधी कळूच नये, एवढी एकच माझी या देशाकडे मागणी होती. बाकी मला इथली थंडी आवडत नव्हती, आणि ब्रेड तर अजिबातच नाही.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम बॉस्टनजवळ एका कुटुंबाच्या घरी रविवारी ठेवला होता. पांढरे कपडे घालून सगळे गेलो. आमच्या मुलीनं पंचशील न अडखळता म्हटलं. घरी परतलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मागच्या दाराशी गेलो, तर किल्ली कुलपातच लटकत होती. मला वाटलं, आलं असेल कोणी पोरगं. मी दारातूनच ओरडले, "पायपुसण्याला पाय पुसलेस का रे?"

आत कोणी नव्हतं. व्हीसीआर नव्हता, कॅमेरा नव्हता. कपाटातले कपडे जमिनीवर होते. आईनं मला लग्नात दिलेल्या पाटल्या गेल्या होत्या. तिनं त्या कशा केल्या होत्या ते मला माहीत होतं, आणि ते आठवून मी पलंगाच्या कडेवर बसले ती उठेचना. मग मुलगी तिच्या खोलीतून आली. हातात नुसती उशी, अभ्रा नसलेली. चोरांनी तिचा अभ्रा काढून त्यातच सामान भरून नेलं होतं.

"दे टच्ड माय पिलो," ती म्हणाली. रडली नाही. ती उशी तिनं बाहेर नेऊन कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली.

पोलीस आला तो भला माणूस होता. दार फोडलेलं नाही हे बघून त्यानं विचारलं, आणखी किल्ली कोणाकडे असते? नवऱ्यानं बुटाची हकिकत सांगितली. हे कोणाकोणाला ठाऊक होतं, असं विचारल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. पोलिसाला हसू आलं. म्हणाला, दाराबाहेरचा बूट, कुंडी आणि पायपुसणं, चोर आधी तिथेच हात घालतात. याच रस्त्यावर परवा आणखी एक घर असंच उघडलंय, तुमच्या मित्रांना त्रास देण्यात अर्थ नाही. त्यानं वही मिटली आणि मुलीला एक स्टिकर देऊन तो गेला.

नवऱ्यानं बूट आत आणला. मुलगी बघत होती.

"मग मामा आत कसा येणार?" तिनं चक्क मराठीत विचारलं.

"बेल वाजवेल," नवरा म्हणाला.

त्या आठवड्यात ती आमच्याच पलंगावर झोपली. "आर दे कमिंग बॅक?" हा प्रश्न ती जेवताना, दात घासताना, गाडीत बसताना विचारायची, आणि आम्ही दर वेळी नाही म्हणायचो. आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं! ऑफिसात बसल्या बसल्या माझे डोळे भरून यायचे. पाटल्यांसाठी नव्हे, खोटं का सांगू, पाटल्यांसाठीही.

बुधवारी महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू बटाटेवडे घेऊन आल्या. प्रेमळ बाई, पण जिभेला हाड नाही. मुलगी शेजारी वडा खात असताना म्हणाल्या, "तुमच्याकडे येणारे-जाणारे फार गं. कोण कुठला, कसल्या घरातला, आपल्याला काय ठाऊक? किल्ली माहीत असलेल्याचंच काम असणार."

"काकू, चोर सोडून संन्याशाला फाशी नका देऊ," मी म्हणाले.

"अगं, मी आपलं जनरल बोलले."

मुलीनं वडा अर्धा ठेवला. पोट भरलं म्हणाली. मी काकूंचा डबा तिथल्या तिथे घासून परत दिला.

चोरीचं मामाला नवऱ्यानं फोनवरच सांगितलं होतं. तो नुसतं "हं, हं" म्हणाला होता. शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात तो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या बॅगा. भारतातून आणलेल्या त्याच, दोरीनं बांधलेल्या. दोन बसगाड्या बदलून हे सगळं ओढत आणलं होतं त्यानं.

"काय रे, खोलीवाल्यानं हाकललं का?" मी म्हणाले.

तो हसला नाही. बूट काढले, आत आला, हॉलच्या मधोमध कार्पेटवर गुडघे टेकून बसला आणि दोऱ्या सोडायला लागला. शर्ट, पुस्तकं, थंडीचं जाकीट, मसाल्याच्या पुड्या, आईवडलांचा फोटो. त्याचं होतं नव्हतं ते सगळं कार्पेटवर आलं. मग उभं राहून त्यानं पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले.

"ताई, एकदा बघून घ्या."

मला आधी रागच आला. "वेडा आहेस का तू? कोणी काही म्हटलंय तुला? पोलीससुद्धा म्हणाला, बाहेरचे चोर आहेत."

"कोणी म्हटलं नाही. पण किल्ली मला ठाऊक होती ना. तुम्ही बघून घ्या, मग मला बरं वाटेल."

मी चौथीत असताना वर्गात कोणाची तरी कंपासपेटी हरवली होती. गुरुजींनी आमच्या वस्तीतल्या तेवढ्या मुलांना उभं केलं आणि दप्तरं रिकामी करायला लावली. पेटी ज्याची होती त्याच्या घरीच सापडली. त्यानंतर शाळेत काहीही हरवलं की मी कोणी म्हणायच्या आधीच उठायची आणि दप्तर पालथं करायची. म्हणजे निदान कोणी म्हणायचं तरी राहील. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंही मला त्याचं कधी सांगितलं नव्हतं. पण तो ज्या सफाईनं खिसे उलटे करून उभा राहिला, ती सफाई एका दिवसात येत नाही.

"बंद कर ते," मी म्हणाले.

तो हलेना. तेव्हा नवरा उठला. त्याच्यासमोर खाली बसला. एकेक शर्ट उचलला, झटकला, घडी घातली, बॅगेत ठेवला. प्रत्येक पुस्तक उघडून पाहिलं. मसाल्याच्या पुड्यासुद्धा दाबून पाहिल्या. मी ओरडणार होते, तर नवऱ्यानं मान हलवून मला थांबवलं. शेवटचा फोटो ठेवून झाल्यावर तो म्हणाला, "बघितलं रे. सगळं बघितलं. काही नाही."

"थँक्यू, भाऊजी," तो म्हणाला. खिसे आत घातले आणि तोंडावर हात घेऊन रडला. नवऱ्यानं त्याला जवळ घेतलं.

मी चहा टाकायला वळले, तर जिन्याच्या पायरीवर मुलगी उभी. तिला मी पार विसरले होते. मला वाटलं, धावत येऊन मामाच्या गळ्यात पडेल. ती वर निघून गेली. मग पायऱ्यांवरून धप धप आवाज करत तिची शाळेची बॅग ओढत आली, मामाच्या बॅगांशेजारी कार्पेटवर तिनं ती पालथी केली. खडू, लायब्ररीचं पुस्तक, चुरगळलेली चित्रं, पोलिसानं दिलेला स्टिकर. फ्रॉकचा एकुलता एक खिसा उलटा केला.

"मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "किल्ली. नाऊ चेक माइन."

आणि ती मान खाली घालून उभी राहिली.

मामा तिला कुशीत ओढू लागला, तर तिनं हात सोडवून घेतला. मी म्हटलं, बाळा, तुझी कशाला बघायची? नवऱ्यानंही म्हटलं. ती मान वर करीना. शेवटी मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि माझ्या मुलीची बॅग तपासायला घेतली.