गुरुवारची बारी

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतका कडक गुरुवार पाळणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यात देवाधर्माचा काडीचाही संबंध नाही. गुरुवारी ते लग्नाला जात नाहीत, दवाखान्यात जात नाहीत, आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीलाही आले नाहीत. लग्नानंतर नवा नवा होतो तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं होतं, "मामा, उपास असतो का?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "बारी असती." लोणी काळभोरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथं भावकीतल्या सात घरांची एक सामाईक विहीर होती आणि सात घरांना सात वार वाटून दिलेले होते. ज्याचा वार, त्या दिवशी पाणी त्याचं. ती त्याची बारी. मामांच्या वाट्याला गुरुवार आला होता. पुढे त्या रानावर बिल्डरची नजर गेली, सातही घरांनी जमिनी दिल्या, ऊस-कांदा जाऊन इमारती उभ्या राहिल्या आणि विहीर तेवढी सोसायटीच्या कुंपणात राहून गेली. बाकीच्यांनी आपापले वार सोडून दिले. मामांचं म्हणणं मात्र साधं होतं. "रान इकलं. बारी कुणी मागितलीच न्हाई, मग इकीन कशी?"

तेव्हा दर गुरुवारी सकाळी गावठाणातल्या घरातून बादली आणि दोर घेऊन मामा सोसायटीच्या फाटकावर हजर. वॉचमननं कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं की शांतपणे सांगायचे, "विहिरीकडं." आत जाऊन पाणी शेंदायचे आणि आपल्या रानाला घालायचे. रान म्हणजे आता दुसऱ्या इमारतीचं पार्किंग. आपली हद्द कुठून कुठवर होती हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, त्यामुळे त्या हद्दीत उभ्या असलेल्या गाड्या दर गुरुवारी फुकटात धुऊन निघायच्या आणि शेजारच्या रांगेतल्या कोरड्या राहायच्या. त्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या गाडीवरही बादलीभर ओतायला सांगितलं, तर मामा म्हणाले, "तुमी बांधापल्याड येता. तुमची बारी सोमवारी." सोसायटीचे सेक्रेटरी सदाशिव पेठेतून तिथं राहायला आलेले, निवृत्त गृहस्थ. त्यांनी विहिरीवर पाटी लावली : 'विहिरीवर हक्क सांगणाऱ्यांनी तो सायंकाळी चार ते सहा या वेळेतच सांगावा.' मामांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि बारी सकाळची असल्यामुळे तिचा आपल्याशी संबंध नाही, असा निर्णय दिला.

पाणी कुठलं आहे हे चवीवरून ओळखण्याचाही त्यांना नाद होता आणि ते हमखास चुकायचे. आमच्याकडे घोटभर पाणी तोंडात घोळवून म्हणाले, "खडकवासल्याचं." मी म्हटलं, मामा, हे विकतच्या जारचं आहे. तर म्हणाले, "मग त्यो जार खडकवासल्याचा आसंल." सोसायटीत टँकर यायला लागले तेव्हा त्यांनी एका ड्रायव्हरला थांबवून पाणी कुठल्या विहिरीचं, हे विचारलं, आणि त्यानं लांबच्या एका गावाचं नाव घेतल्यावर गंभीरपणे पुढचा प्रश्न केला, "तिथं आज बारी कुणाची हाय?" हसायला येतं, पण टँकर का येत होते ते उघड होतं. सोसायटीच्या बोअर इतक्या खोल गेल्या होत्या की विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात आणखी खाली जायचं आणि मामा दोराला नवा तुकडा जोडायचे.

शेवटी विहिरीवर स्लॅब टाकून वर ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकं ठेवायचं ठरलं. मामांनी सभेला मला वकील म्हणून नेलं. मी दोन रात्री भाषण पाठ केलं होतं, पण मामांनी ते करूच दिलं नाही. ते उठून म्हणाले, "लेकरं वाकून बगत्यात, ह्ये खरं हाय. झाका. निस्तं गुरुवारी नगा झाकू." सेक्रेटरींनी विचारलं, "का हो? गुरुवारी काय मुहूर्त बरा नाही?" मामा म्हणाले, "माझी बारी हाय." सेक्रेटरींनी बुधवार लिहून घेतला.

परतताना मामा एकाएकी गाडीत अस्वस्थ झाले. बुधवार त्यांच्या चुलत भावाचा. एका उन्हाळ्यात या भावानं आपली मोटर गुरुवार उजाडला तरी चालू ठेवली होती आणि मामांचा कांदा वाळून गेला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. भाऊ आता बिबवेवाडीत मुलाकडे राहतो, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि मामा आमच्याकडे येताना त्या गल्ल्या टाळून वळसा घालून येत. पण दुसऱ्याच्या वारी त्याला न सांगता विहीर झाकली जाणं त्यांना सोसेना. मी त्यांना भावाच्या दारात नेलं. भाऊ समोर उभा असताना मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, त्यांना सांगा. बुधवारी विहीर झाकनार हायेत. बारी त्यांची हाय." मी ते जसंच्या तसं सांगितलं. भावानं मान हलवली आणि आम्ही चहा न घेताच परतलो.

बुधवारी भाऊ आमच्या आधी विहिरीवर येऊन बसला होता. सेंट्रिंगच्या फळ्या रचून कामगार वाट बघत होते. त्यानं माझ्याकरवी मामांचाच दोर मागून घेतला आणि तळातलं गढूळ पाणी एक बादली शेंदून वर काढलं. मामा लांब उभे होते. मग हळूहळू पुढे आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलले. "तुझी बारी हाय. तांब्याभर घिऊ का?"

भावानं बादली मामांकडे सरकवली. म्हणाला, "समदी घे. तुझंच हाय त्ये, त्या उन्हाळ्यातलं."

दोघांनी एकेका बाजूनं बादलीला हात घातला आणि ती मामांच्या रानात नेली. पार्किंगच्या एका खांबाच्या बुडाशी ओतली. खाली फरशी होती, त्यामुळे पाणी काही मुरलं नाही. ते उताराला लागलं आणि गाड्यांच्या चाकांमधून वाट काढत हळूहळू गटाराकडे गेलं. सगळं जाईपर्यंत दोघं म्हातारे तिथंच उभे होते.